छापलेलं रीडिंग

सबमिशनच्या आठवड्यात अभियांत्रिकीच्या कुठल्याही कॉलेजात जा आणि सिव्हिलच्या पोरांची पर्यावरण अभियांत्रिकीची जर्नल्स मागून घ्या. ‘पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन’ हे पान उघडा. बॅचेस वेगळ्या, वार वेगळे, हात वेगळे, आणि उत्तर मात्र सगळ्यांचं एकच. दशांश चिन्हापुढचा आकडाही तोच. कारण हे रीडिंग नदीतून आलेलं नसतं, मागच्या वर्षीच्या जर्नलातून आलेलं असतं. मागच्या वर्षीच्यांनी ते त्यांच्या सीनियरकडून घेतलेलं असतं.

कॉलेजात याला कुणी लबाडी म्हणत नाही. ‘रीडिंग मॅनेज केलं’ म्हणतात. सरांना ठाऊक असतं, एक्स्टर्नलना ठाऊक असतं, सही होते, टर्म वर्कचे मार्क पडतात. यात कुणाचं काय बिघडलं, असं विचारणाऱ्यांना मला सांगायचंय की बिघडतं, आणि फार बिघडतं. शहराच्या पाण्याचा खोटा हिशेब लिहायला पोरगं पहिल्यांदा शिकतं ते इथे.

आता हेच प्रॅक्टिकल नीट केलं तर काय होतं ते पाहा. लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये ही पद्धत दिली आणि ती आजही शिकवली जाते. ३०० मिलिलिटरची काचेची बाटली. एकही बुडबुडा आत राहू न देता पाणी भरायचं, कारण बुडबुड्यातल्या हवेचा ऑक्सिजन हिशेबात घुसतो. मँगनीज सल्फेट घालायचं, मग अल्कली आयोडाइड अझाइड. बूच लावून बाटली उलटसुलट करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो. नसेल तर साका पांढराच राहतो. मग सल्फ्युरिक आम्ल घातलं की साका विरघळून पाणी पिवळं होतं. ब्युरेटमधून थायोसल्फेट सोडत जायचं, रंग फिका झाला की स्टार्च टाकायचं, पाणी निळंशार होतं. मग थेंब, थेंब, थेंब, आणि एका थेंबाला तो निळा रंग उडतो. तिथे हात थांबला पाहिजे. एक थेंब जास्त गेला की आकडा चुकला.

पुण्यातल्या पोरांनी अशी एक बाटली खडकवासल्याला भरावी आणि एक बंडगार्डनला, तीही एप्रिल-मे महिन्यात. दोन्ही बाटल्या टेबलावर शेजारी ठेवाव्यात आणि साक्याचे रंग बघावेत. मुठेचं शहरातून जाताना काय होतं, ते सांगायला मग वेगळं लेक्चर लागणार नाही. आणि ज्याने तो पांढरा साका एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, त्याच्या हातून पुढे आयुष्यात खोटा आकडा लिहिताना पेन अडखळेल. निदान मला तशी आशा आहे.

विंकलरच्या शेजारचं प्रॅक्टिकल बीओडीचं. सांडपाण्यातली घाण खाताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात, त्याचं हे माप. पाठ्यपुस्तकात ते पाच दिवस आणि २० अंश सेल्सिअस असं येतं. ही पाच दिवसांची मोजणी रुजली ती ब्रिटनच्या सांडपाण्यावरील रॉयल कमिशनमुळे, ज्याचा गाजलेला आठवा अहवाल १९१२ चा. तिथल्या नद्यांचं पाणी पाच दिवसांत समुद्राला मिळतं या हिशेबातून ते दिवस आले, असं पुस्तकं सांगतात. आपल्याकडच्या मानकाने हवामान बघून २७ अंश आणि तीन दिवस अशी पद्धत स्वीकारली. उष्ण पाण्यात जिवाणू भराभर खातात, त्यामुळे तीन दिवसांत जवळपास तेवढंच काम उरकतं. इतका शहाणपणाचा बदल आपल्या माणसांनी केला, तरी परीक्षेतली गणितं अजून बहुतेक पाच दिवस आणि २० अंशांचीच पडतात. लोकल ऑथरच्या पुस्तकात तीच सोडवलेली असतात ना.

आणि मुळा-मुठा पाच दिवसांत समुद्राला मिळत नाही. ती भीमेला मिळते, भीमा उजनी धरणात थांबते आणि उजनीचं पाणी सोलापूर पितं. १९२५ मध्ये स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोघांनी अमेरिकेतल्या ओहायो नदीवर काम करून सांडपाणी मिसळल्यावर नदीतला ऑक्सिजन कसा खाली जातो आणि पुढे हळूहळू कसा सावरतो, त्याचं समीकरण मांडलं. आपली पोरं ते समीकरण पाठ करतात आणि ऑक्सिजनच्या आलेखात ओहायोचाच खड्डा काढून दाखवतात. अरे, बंडगार्डनपासून दौंडपर्यंतचा खड्डा काढा. बाटल्या घ्या, एसटीने जा, वाटेतल्या पुलांवर उतरा. सोलापूरच्या एखाद्या पोराला पुण्याच्या वसतिगृहात राहून कळू दे, की इथे सकाळी तो जे फ्लश करतो ते कुणाच्या दिशेने निघतं.

नोकरी लागल्यावर हे छापील रीडिंग कुठे जातं, तेही बघा.

पुण्यात, पिंपरी-चिंचवडमध्ये मोठ्या सोसायट्यांना स्वतःचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प, चालवावा लागतो. त्यात बहुतेक ठिकाणी एकच मूळ कल्पना असते: टाकीत हवा सोडायची, जिवाणू वाढवायचे, त्यांना घाण खाऊ द्यायची. मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी १९१४ मध्ये ती जगापुढे ठेवली. हवा सोडणारा ब्लोअर वीज खातो. म्हणून वीजबिल वाचवायला तो बंद ठेवला, की जिवाणू गुदमरतात, टाकी काळी पडते, वास सुटतो आणि कमिटीच्या मीटिंगमध्ये भांडण होतं. लॉगबुक मात्र स्वच्छ असतं.

तुमच्या सोसायटीचं लॉगबुक एकदा मागून बघाच. त्यात रोजच्या तारखेपुढे त्याच संध्याकाळी भरलेला बीओडी दिसला, तर समजा काय चाललंय ते. जी चाचणी पुरी व्हायला तीन दिवस लागतात, तिचं उत्तर त्याच संध्याकाळी कुठून आलं? ते मागच्या पानावरून आलं. ज्या पोराला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला आपण मागच्या पानावरून उतरवायला शिकवलं, तोच आता शर्टावर कंपनीचं नाव लावून तिथे उभा आहे. त्याला दोष देण्याआधी त्याच्या जर्नलावर सही कुणी केली ते आठवावं.

हा प्रश्न एका सोसायटीपुरता नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार देशातल्या शहरांत दिवसाला ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं, शुद्धीकरणाची बसवलेली क्षमता ३१,८४१ आणि प्रत्यक्ष शुद्ध होतं २०,२३६. केंद्रं बांधायला पैसे लागतात हे मान्य. पण बांधलेली केंद्रं रिकामी का चालतात? गटारं तिथपर्यंत पोचलेली नाहीत, पंप बंद आहेत, चालवणारी माणसं नाहीत. आणि जे चाललंय ते खरंच किती चाललंय, हे सांगणारा आकडा ज्याच्या हातात असतो, त्याच्या हाताला खरं लिहायची सवय लागली आहे की नाही, यावर नदी अवलंबून आहे.

जानेवारी २०२५. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुइलेन बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे पेपरांतल्या ‘जीबीएस’चे रुग्ण एकामागोमाग सापडू लागले. आठवड्यापूर्वी चालतीबोलती असलेली माणसं पायांतली ताकद जाऊन व्हेंटिलेटरवर गेली. आकडा दोनशेच्या वर गेला, मृत्यूही झाले. रुग्णांच्या तपासण्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले आणि सगळ्यांची नजर विहिरींच्या, टँकरच्या पाण्याकडे गेली. तिथली नांदेड, किरकटवाडी ही गावं २०२१ मध्येच महापालिकेत आली होती. गाव शहरात आलं, जलशुद्धीकरण केंद्राचं पाणी काही त्याच्याबरोबर आलं नाही.

अशा ठिकाणी माणूस आणि रोगजंतू यांच्यामध्ये उभा असतो तो फक्त क्लोरीन. आपलं पिण्याच्या पाण्याचं मानक, आयएस १०५००, सांगतं की नळाला येणाऱ्या पाण्यात दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक हवा, आणि विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तिथे ०.५. अभ्यासक्रमातला हा प्राथमिक आकडा. दोन मार्कांचा प्रश्न. आयएमपीच्या यादीत असतो, म्हणून सगळ्यांना पाठ असतो.

आता पाठ असलेलं वापरून बघू. विहिरीचा व्यास पाच मीटर, पाण्याची खोली चार मीटर. पाणी झालं सुमारे ७८,५०० लिटर. चांगली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम धरली, तर लागतात जवळपास २०० ग्रॅम. पोराचं उत्तर इथे संपतं, मार्क मिळतात. विहिरीवर मात्र प्रश्न इथे सुरू होतो. ताज्या पावडरीत साधारण एकतृतीयांश क्लोरीन असतो. पोतं उघडं राहिलं, कोपऱ्यात ओल आली, की तो उडत जातो. ताकद निम्म्यावर आली असेल तर ४०० ग्रॅम लागतील. जवळच्या शोषखड्ड्यातून विहिरीत मैला झिरपत असेल, तर टाकलेला सगळा क्लोरीन त्या घाणीशीच झुंजण्यात संपेल आणि नळाला येईल तेव्हा शिल्लक शून्य. म्हणून पावडर किती टाकली याला काडीची किंमत नाही. अर्ध्या तासानंतर आणि शेवटच्या नळाला किती उरलं, याला आहे. ते फक्त मोजून कळतं. ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे, पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे. हे द्रावण विषारी असल्याने ते हाताला लागू द्यायचं नाही आणि तपासलेलं पाणी फेकून द्यायचं. गुलाबी रंग देणारी डीपीडीची गोळी त्याहून बरी. काम दोन मिनिटांचं.

सिंहगड रस्त्याच्या परिसरात अभियांत्रिकीची कॉलेजं आहेत. त्यांत पर्यावरण अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळा आहेत. त्या जानेवारीत पोरं वर्गात बसून ०.२ लिहीत होती आणि गाडीवर काही मिनिटांच्या अंतरावर लोक त्या ०.२ विना पाणी पीत असतील, अशी शंका सगळं शहर घेत होतं. मला हे चीड आणणारं वाटतं. पोरांची चीड नाही येत. पोरांना त्या विहिरीवर कुणी नेलंच नाही.

खेड्यात हे काम निदान कागदावर तरी जागेवर आहे. ग्रामपंचायतीला जलसुरक्षक असतो, त्याच्याकडे टीसीएलचं पोतं आणि ओटीची, म्हणजे ऑर्थोटोलिडीनची, बाटली असते. पावसाळ्याआधी आणि नंतर पाण्याच्या स्रोतांची पाहणी होते, गावाला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. सलग पाच वर्षं हिरवं टिकवलं तर चंदेरी. तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या त्या जलसुरक्षकाला जेवढा क्लोरीन ‘हाताने’ कळतो, तेवढा डिस्टिंक्शनच्या पोराला कळत नाही. विद्यापीठाने त्याला एक दिवस वर्गात उभं करावं आणि त्याचं मानधन द्यावं.

अभ्यासक्रमातला आणखी एक लाडका आकडा: माणशी दिवसाला १३५ लिटर. पाणीपुरवठ्याचं प्रत्येक गणित इथून सुरू होतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. सुरुवातीला एका गाडीला पाच लाख लिटर, नंतर पन्नास वाघिणींची गाडी झाली तेव्हा २५ लाख. लातूर शहर जवळपास चार लाखांचं. भागाकार करा. माणशी सव्वासहा लिटर. देशभर गाजलेली ती गाडी, तिचं खरं माप एवढं. हे गणित वर्गात घातलं तर पाणीपुरवठ्याचा धडा एका तासात डोक्यात जाईल. पण पेपरात पडतं ते ‘एका शहराची लोकसंख्या’ असं, नाव नसलेल्या शहराचं.

आणि मॅनहोल. जर्नलात त्याची आकृती फार सुबक येते. पेन्सिलने शेडिंग, बाणांनी नावं, पायऱ्या, झाकण. मार्क पूर्ण. त्या आकृतीत माणूस कधीच नसतो.

याच प्रकरणात एक सूत्र असतं: गटाराच्या नळीत पाण्याचा वेग सेकंदाला साधारण ०.६ मीटरच्या खाली गेला, की गाळ तळाशी बसायला लागतो. म्हणून उतार नीट काढायचा. पोरं उतार काढतात, उत्तराखाली दोन रेघा मारतात. पुढचं त्यांना कुणी सांगत नाही. उतार चुकला की गाळ बसतो. गाळ बसला की लाइन तुंबते. लाइन तुंबली की मुकादम फोन करतो आणि कुणीतरी चेंबरमध्ये उतरवला जातो. आत हायड्रोजन सल्फाइड साठलेला असतो. सुरुवातीला त्याचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकाची वास घ्यायची ताकदच मरते, म्हणजे धोका वाढतो तेव्हाच इशारा बंद होतो. पहिला खाली कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. आपण या बातम्या वाचतो. माणसाला असं उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. आणि उतरणारी माणसं कुठल्या जातींची असतात, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको.

म्हणून मला वाटतं, ०.६ हा आकडा शिकवताना फळ्यावर आधी २०१३ चा कायदा लिहिला पाहिजे. उताराच्या गणितात चूक झाली तर अर्धा मार्क कापून भागत नाही, हे पोराला विसाव्या वर्षी कळलं पाहिजे.

मास्तरांची बाजूही आहे, आणि ती खरी आहे. अनेक कॉलेजांत हा विषय शिकवणारी माणसं तासिका तत्त्वावर असतात. तास घेतला तर पैसे, सुट्टीत काही नाही. कायम असलेल्यांच्या टेबलावर नॅकच्या मूल्यांकनाच्या फायली. थायोसल्फेट संपलेलं, इन्क्युबेटर बिघडलेला, दुरुस्तीचा अर्ज ऑफिसात पडून. वीस जणांची बॅच नदीवर न्यायची तर बस, परवानगी, पालकांची संमतिपत्रं. एवढं सगळं करून आलेलं रीडिंग ‘पुस्तकासारखं’ आलं नाही, तर एक्स्टर्नल भुवया उंचावणार. मग सर म्हणतात, घ्या रे मागच्या वर्षीचं. मी त्यांच्या जागी असतो तर मलाही तोच मोह झाला असता. म्हणून माझी तक्रार विद्यापीठांकडे आहे. मार्कांची वाटणी तुम्ही ठरवता. बरोबर आलेल्या रीडिंगला मार्क ठेवलेत की पोरं बरोबर आलेलं रीडिंग शोधणार. खऱ्या रीडिंगला मार्क ठेवा.

सगळ्या शाखांना सक्तीचा असलेला ‘ईव्हीएस’ हा तर वेगळाच प्रकार झाला आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरणशिक्षण सक्तीचं करायला सांगितलं. पुढे यूजीसीसाठी त्याचं पाठ्यपुस्तक लिहिलं पुण्याच्या डॉ. एरच भरुचा यांनी, आणि त्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष क्षेत्रभेट हा स्वतंत्र भाग ठेवला होता. त्या क्षेत्रभेटीचा प्रोजेक्ट आता कॉलेजच्या गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे स्पायरल बाइंडिंग करून मिळतो.

मागणी फार मोठी नाही. टर्म वर्कचे निम्मे मार्क कच्च्या कागदाला द्या. जागेवर, पेनाने, वेळ आणि ठिकाण लिहून घेतलेलं रीडिंग. फेअर करायचं नाही, खाडाखोड चालेल. आकडा पुस्तकाबाहेरचा आला तर तो का आला असेल, यावर चार ओळी, आणि त्या चार ओळींना सगळ्यात जास्त मार्क. प्रत्येक बॅचला आपल्या वॉर्डातली एक टाकी, एक नाला आणि एक एसटीपी नेमून द्या. एसटीपीच्या टाकीतलं लिटरभर पाणी मोजपात्रात घेऊन अर्ध्या तासात गाळ किती खाली बसतो, एवढं जरी पोरांनी दर आठवड्याला पाहिलं, तरी ब्लोअर रात्री चालतो की नाही याचा अंदाज त्यांना ऑपरेटरला न विचारता येऊ लागेल. आकडे वॉर्ड ऑफिसला पाठवा, नोटीस बोर्डावर लावा.

आणि दिवाळीच्या सुट्टीला वसतिगृहातली पोरं गावी जातात, तेव्हा प्रत्येकाच्या बॅगेत क्लोरीन तपासायचं किट द्या. बाटलीत पाणी भरून कॉलेजात आणायचं नाही, प्रवासात क्लोरीन उडून जातो. तिथेच मोजायचं. टाकीजवळच्या नळाला नाही, गावाच्या शेवटच्या नळाला. आकडा ग्रामपंचायतीच्या वहीत, जलसुरक्षकाच्या नोंदीखाली, स्वतःच्या नावानिशी लिहायचा. ०.२ च्या खाली आला तर तसाच लिहायचा आणि त्याच दिवशी सरपंचांना जाऊन सांगायचा.